यकृत तंतुमयता, शिस्टोसोमियासिसजन्य

शिस्टोसोमा वंशातील रक्तपर्णकृमींचा (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या परजीवी चपट्या कृमींचा) संसर्ग, म्हणजेच शिस्टोसोमियासिस, जिथे कायम ठाण मांडून आहे, अशा वस्त्यांमध्ये यकृतातील प्रतिहारी शिरांभोवती (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरांभोवती) तंतुमय ऊती साचून होणारा दीर्घकालीन विकार. शिस्टोसोमा मॅन्सोनाय व शिस्टोसोमा जॅपोनिकम या जाती त्याला मुख्यतः कारणीभूत असतात. या वंशातील कृमी जर्मन वैद्य थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ मध्ये कैरो येथे शवविच्छेदनात आढळले. कापलेल्या यकृतात चिकणमातीच्या चिलमीच्या पांढऱ्या नळ्या रोवल्यासारखे दिसणारे या तंतुमयतेचे रूप विकृतिशास्त्रज्ञ सिमर्स यांनी १९०४ मध्ये वर्णिले.

यकृताला खरी इजा कृमीपेक्षा त्याच्या अंड्यांमुळे होते. आतड्याच्या शिरांत राहणारी मॅन्सोनाय मादी रोज सुमारे शंभर ते तीनशे अंडी घालते. मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी, एका बाजूला काटा असलेली ही अंडी विष्ठेवाटे बाहेर पडायची असतात. पण त्यांतली बरीचशी रक्तप्रवाहाबरोबर यकृतात जाऊन बारीक शिरांच्या टोकाशी अडकतात. प्रतिकार पेशी अंड्याभोवती गाठ बांधतात, अंडे मरते आणि वण मागे राहतो. वणांमुळे प्रतिहारी शिरांतले रक्त तुंबून त्यांतील दाब वाढतो. यकृतपेशींचे काम मात्र बराच काळ सुरळीत चालते. त्यामुळे कावीळ वगैरे काही न होता नुसती प्लीहा वाढत जाते आणि कित्येकदा रक्ताची उलटी हीच घरच्यांना मिळणारी पहिली सूचना ठरते.

संसर्ग झालेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही. तीव्र तंतुमयता थोड्यांनाच गाठते. अंड्यांचा भार आणि संसर्गाची वर्षे हे सर्वांत उघड धोके आहेत. मासेमारी, भातशेती, कपडे धुणे अशा कामांसाठी, या कृमींच्या अळ्या ज्यांच्यात वाढतात त्या गोगलगायी असलेल्या गोड्या पाण्यात रोज उतरणाऱ्यांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण होते. तरीही सारख्याच पाण्यात वावरणाऱ्या दोन घरांत फरक पडतो, आणि तो नुसत्या अंड्यांच्या मोजणीने उलगडत नाही. सुदानमधील कुटुंबांच्या अभ्यासात तीव्र तंतुमयतेचा संबंध सहाव्या गुणसूत्रावरील, इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकार यंत्रणेतील संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहीचे (ते प्रथिन ज्याला जोडले जाते त्या पेशीवरील रेणूचे) जनुक असलेल्या भागाशी आढळला. इंटरफेरॉन-गॅमा वण धरण्याला आवर घालते, तर इंटरल्यूकिन-१३ हे तसेच दुसरे प्रथिन त्याला चालना देते. हिपॅटायटिस ब किंवा क यांची जोड मिळाली, की यकृताची हानी वेगाने वाढते. इजिप्तमध्ये तर १९८० च्या दशकापर्यंत शिस्टोसोमियासिसवरच दिल्या गेलेल्या इंजेक्शनांच्या नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमधून हिपॅटायटिस क पसरला, ही या विषयातील सर्वांत वेदनादायक बाब होय. मद्यपानानेही यकृतावरचा बोजा वाढतो.

जुन्या रुग्णाच्या विष्ठेत अंडी क्वचितच सापडत असल्याने निदानासाठी सोनोग्राफीच अधिक भरवशाची ठरते. तीत शिरांच्या शाखांभोवती पांढरे जाड पट्टे दिसतात. प्राझिक्वांटेल हे औषध प्रौढ कृमी मारते. लहान वयात ते मिळाल्यास तंतुमयता बरीच ओसरू शकते. वर्षानुवर्षे घट्ट झालेले वण मात्र सहसा पूर्णपणे जात नाहीत, आणि त्याच पाण्यात परतल्यास पुन्हा लागण होते.