पोत

पोत म्हणजे मणी धाग्यात ओवून तयार केलेला गळ्यातला दागिना. व्यापक अर्थाने बारीक मण्यांच्या कोणत्याही सराला पोत म्हणत असले, तरी नुसती ‘पोत’ म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काळ्या मण्यांचा, मधूनमधून सोन्याचे मणी घातलेला सर येतो. कापडाचा पोत आणि देवीपुढे पेटवला जाणारा पोत हे पुल्लिंगी शब्द निराळे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही. पोत करण्यात मुख्यतः तीन कामे येतात: मणी घडवून त्याला वेज (आरपार भोक) पाडणे, धागा वळणे आणि ओवलेले मणी गाठींनी जागच्या जागी बसवणे, म्हणजे गाठवणे. यांपैकी पहिल्या कामाविषयी पुरातत्त्वज्ञांनी विपुल लिहिले आहे, कारण मणी मातीत टिकतो आणि धागा कुजतो. दागिन्याचे रूप मात्र बरेचसे उरलेल्या दोन कामांवरच ठरते.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो संस्कृत ‘प्रोत’ (ओवलेले) या शब्दापासून आला असावा. ‘ओतप्रोत’ या जोडशब्दात तो अजून टिकून आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात दोऱ्यात मणी ओवावेत तसे सारे विश्व माझ्यात ‘प्रोत’ आहे, असे वचन आहे, आणि त्यावरील भाष्यात ज्ञानेश्वरीने सोन्याचे मणी सोन्याच्याच सुतात ओवल्याचा दृष्टान्त दिला आहे. त्यामुळे ही व्युत्पत्ती मनाला लगेच पटते. दुसऱ्या मतानुसार शब्दाचे मूळ प्राकृतातील काचवाचक ‘पोत्ती’ या देशी शब्दात आहे. हिंदीत ‘पोत’ म्हणजे काचेचा बारीक मणीच होय, मण्यांचा सर नव्हे; हे लक्षात घेता आधी मणी आणि मग मण्यांचा सर असा अर्थविस्तार मराठीत झाला असावा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ओवी’ हा छंदवाचक शब्द ‘ओवणे’ या क्रियापदापासून आला, हे सामान्यतः मान्य झालेले आहे.

महाराष्ट्रातील मण्यांचा सर्वांत जुना पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे मिळाला. तेथे उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा धरतात. कवच पातळ असल्याने त्याला वेज पाडणे फारसे अवघड नाही. अवघड आहे तो कठीण दगड. अकीक व त्याचाच तांबडा प्रकार असलेला कार्नेलियन हे लोखंडाच्या टोकालाही सहजी दाद देत नाहीत, आणि सिंधू संस्कृतीच्या कारागिरांकडे तर लोखंडही नव्हते. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५–३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी केलेल्या उत्खननात मणी बनवण्याच्या कारखान्याचे अवशेष आणि दगडी सामत्यांची (भोक पाडण्याच्या हत्यारांची) टोके मिळाली. ज्या विशिष्ट कठीण दगडाची ती होती त्याला पुढे मॅके यांच्या नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हटले जाऊ लागले. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी प्रयोगांवरून काढलेल्या निष्कर्षानुसार या टोकाने तासाभरात सुमारे अडीच मिलिमीटरच वेज पडतो. म्हणजे सहा ते तेरा सेंटीमीटर लांबीच्या कार्नेलियन मण्याला केवळ वेजासाठी कित्येक दिवस लागत. कराचीजवळील अल्लाहदिनो येथे अशा ३६ लांब मण्यांचा पट्टा मिळाला आहे; तो घडवण्यास एका माणसाचे सुमारे ४८० दिवसांचे काम लागले असावे, असा अंदाज केला जातो.

हिऱ्याची कणी बसवलेली सामती भारतात केव्हा आली, हा वादाचा मुद्दा आहे. काही अभ्यासक ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात. इतरांच्या मते इ. स. पू. शेवटच्या काही शतकांपूर्वीचा निःसंदिग्ध पुरावा नाही. मण्याच्या वेजात आतून उमटलेल्या वळ्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून हा निर्णय करावा लागतो, आणि त्या बाबतीत दुसरी, सावध भूमिकाच अधिक सुरक्षित आहे. कालिदासाच्या काळी मात्र ही गोष्ट वाचकाला सांगावी लागत नसावी: रघुवंशाच्या आरंभी, पूर्वकवींनी वाट पाडून ठेवलेल्या वंशात आपला प्रवेश म्हणजे हिऱ्याने विंधलेल्या मण्यात दोऱ्याचा प्रवेश, असे तो म्हणतो. गुजरातेत खंबायतला आजही धनुकलीने फिरवायच्या सामतीच्या टोकाशी हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवतात. वेज दोन्ही टोकांकडून पाडत आणून मध्ये जुळवतात. ही जुळणी किंचित चुकली तर आत पायरी राहते आणि तिच्या धारेवर दोरा घासून तुटतो. रतनपूरच्या खाणीतला अकीक विंधण्यापूर्वी मंद आचेवर तापवतात. त्यातील लोहांशामुळे पिवळट दगड तांबडा होतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत अकीक तयार होतो आणि नद्यांच्या पात्रांत त्याचे गोटे सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालात गोमेदसदृश पट्टेदार दगडाचा उल्लेख आहे. पैठण, तेर, नेवासे आणि भोकरदन या सातवाहनकालीन नगरांच्या थरांत दगड, काच, शंख व माती यांचे मणी मोठ्या संख्येने मिळाले आहेत. तेरचे मणी तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहता येतात.

तांबड्या दगडावर पांढरी नक्षी असलेल्या मण्यांना इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणाने ‘कोरीव’ म्हणण्याचा प्रघात आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील अशा मण्यांवरील ग्रंथाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे. वस्तुतः येथे काहीच कोरलेले नसते. सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून मॅके यांनी ही रीत समजून घेतली होती: सज्जीखार आणि करीर या झुडपाचा रस यांच्या मिश्रणाने मण्यावर आकृती काढायची, ती वाळू द्यायची आणि मणी निखाऱ्यांत तापवायचा. खाराने दगडाचा वरचा थर पांढरा होतो आणि पुसला तरी जात नाही. म्हणून ‘खारनक्षीचे मणी’ हा शब्दप्रयोग अधिक अचूक ठरेल.

पोतीतला काळा मणी मात्र बहुधा काचेचा असतो. काचमणी करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘ओढीव’ मण्यासाठी वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करतात व ते पुन्हा तापवून गोलावतात. ‘गुंडाळीव’ मण्यासाठी काचेचा धागा तापलेल्या सळईवर गुंडाळतात. पहिल्या प्रकारात काचेतल्या रेषा व बुडबुडे वेजाला समांतर धावतात, दुसऱ्यात ते वेजाभोवती फिरतात, त्यामुळे साध्या भिंगाखालीही फरक ओळखता येतो. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट येथे ओढीव, तर उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर येथे गुंडाळीव मण्यांचे काम चालत आले आहे. हिंदी महासागराच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ओढीव मण्यांचे मूळ केंद्र पुदुचेरीजवळील अरिकमेडू असावे, असे मण्यांचे अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी मांडले. काचेच्या रासायनिक विश्लेषणांनंतर एकाच उगमाची ही कल्पना हळूहळू मागे पडत आहे. नळीचे तुकडे नीट गोलावले नसतील तर मण्याच्या कडा धारदार राहतात. विकत घेताना मणी बोटांवर घासून पाहण्याची रीत त्यामुळेच पडली असावी.

धाग्याचा प्राचीन पुरावा अपवादानेच मिळतो आणि तो महाराष्ट्रात मिळाला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते. तांब्याच्या क्षारांमुळे वेजातला तंतू कुजला नव्हता. तो तपासला असता कापूस व रेशीम यांचा असल्याचे सांगण्यात आले, आणि चांडोली येथील तशाच मण्यांत जवसाच्या झाडाचा तंतू ओळखण्यात आला. हे दोन्ही निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. इतक्या जुन्या काळी रेशीम असणे काहींना शंकास्पद वाटले होते. परंतु हडप्पा व चन्हुदडो येथील दागिन्यांत रानटी किड्यांच्या रेशमाचे तंतू असल्याचे २००९ मध्ये दाखवण्यात आल्यापासून त्या शंकेचा जोर बराच कमी झाला आहे.

काळ्या पोतीचा विवाहविधीशी संबंध किती जुना, या प्रश्नाचे उत्तर लोकसमजुतीपेक्षा बरेच निराळे आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवल्याप्रमाणे गृह्यसूत्रांना (घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांना) मंगळसूत्रबंधन ठाऊक नाही. लघु-आश्वलायन यांसारख्या उत्तरकालीन स्मृतींत ते येते, आणि पारस्कर गृह्यसूत्रावरील टीकेत गदाधराने, मूळ सूत्र गप्प असतानाही, त्याचा निर्देश केला आहे. या उल्लेखांचा रोख सूत्रावर, म्हणजे दोऱ्यावर आहे. काळ्या मण्यांचा आग्रह त्यांत दिसत नाही. दक्षिणेतील ताली (तिकडचे मंगळसूत्र) पिवळ्या दोऱ्यात किंवा सोन्याच्या साखळीत असते आणि तिला काळे मणी अपरिहार्य नसतात. त्यावरून विवाहाचा दोरा आधीचा आणि दृष्ट लागू नये म्हणून घालायचे काळे मणी नंतर त्यात आलेले, असे मानण्याकडे कल होतो. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची व एक सासरची ही व्यवस्था सर्वज्ञात असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही.

मणी ओवून देणारा कारागीर तो पटवेकरी. मणी विकणारा मण्यार (मणेर) आणि सोन्याचे मणी घडवणारा सोनार यांच्याहून त्याचा धंदा वेगळा आहे. तो जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवतो, दोरा ताणून धरतो आणि त्याला मेण लावतो, म्हणजे पदर सुटत नाहीत व घामाने दोरा लवकर कुजत नाही. बारीक वेजात सुईचे नाक शिरत नाही, म्हणून पातळ तार दुमडून तिचीच सुई करतात. मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायची असते. गाठ मोत्याला भिडेपर्यंत सुईच्या टोकाने सरकवत नेऊन मग आवळावी लागते, कारण आवळलेली गाठ पुढे सरकत नाही. या गाठींचे दोन उपयोग आहेत: मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती ओघळतो. मागच्या बाजूला रेशमाचा किंवा कलाबतूचा गोंडा आणि सरकवता येणारा सरफास असतो, त्यामुळे एकच दागिना आईच्या आणि मुलीच्या गळ्याला बसतो. आता पुष्कळ ठिकाणी मणी तारेत गाठवतात. तारेतली पोत अधिक टिकते, पण दोऱ्यातल्या पोतीसारखी अंगाला मऊ बसत नाही.

रचनेचे मूलतत्त्व पुनरावृत्ती हे आहे. काही काळे मणी, मग एक सोन्याचा, असा घटक ठरवून तो पदकाच्या दोन्ही अंगांना सारख्या संख्येने मोजतात. एक मणी जरी कमीजास्त झाला तरी पदक बाजूला झुकते. ठुशीत बारीक सोन्याचे मणी इतके ठासून बसवतात की दोरा दिसतच नाही. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि पत्रा चेपू नये म्हणून त्यांत लाख भरतात. तन्मणीत मोत्यांचे अनेक सर एका खोडाशी (मधल्या पदकाशी) येऊन मिळतात आणि चिंचपेटीत मोती पेट्यांवर जडवल्यासारखे बसतात. ठाकर व कातकरी स्त्रियांच्या काचमण्यांच्या बहुपदरी माळा आणि बंजारा वेशातील मणिकाम यांची पद्धत स्वतंत्र आहे.

वेज नसलेला मणी गाठवण्याचे उदाहरण म्हणजे संक्रांतीचे हलव्याचे दागिने. खसखस, तीळ किंवा साबुदाणा मंद आचेवर परतत त्यावर थेंबथेंब पाक सोडत गेले की दाण्याला काटा येतो. या दाण्याला भोक पाडू गेले तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून दाणा त्यात पकडतात आणि गाठ मारतात. काट्यांमुळे फास निसटत नाही. अशा गाठवलेल्या सरांना पुठ्ठा व जर यांची जोड देऊन नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी हार, बाजूबंद, मुकुट करतात. हात ओलसर असला तर हलवा पाझरतो, त्यामुळे हे काम दाण्यांना फारसा स्पर्श न करता उरकावे लागते.

झेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स येथील आणि जपानी बनावटीचे बारीक काचमणी आता हौशी कारागिरांच्या हाती आले आहेत. ते क्रमांकाने विकले जातात आणि क्रमांक वाढेल तसा मणी लहान होतो. ११ क्रमांकाचा मणी सुमारे दोन मिलिमीटरचा असतो. जपानी मण्यांचे आकार अगदी एकसारखे असल्याने कागदावरच्या चौकटींत आखलेली आकृती जशीच्या तशी मण्यांत विणता येते. हाताने केलेल्या काळ्या मण्यांत तसे होत नाही आणि ओवणारा नजरेने लहानमोठे मणी निवडत जातो.

पोत तुटली असे बायका म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. ती पुन्हा ओवून मिळेपर्यंत गळा मोकळा राहू नये म्हणून दोऱ्यात हळकुंड बांधून घालतात.