पाऊस ताशी किती, भरती किती वाजता?

‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ ही बातमी मुंबईत दर पावसाळ्यात येते आणि दर वेळी चुकीची असते. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी, लाटेची उंची नव्हे. तीही जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीच्या रेषेपासून मोजलेली. सरासरी समुद्रपातळीच त्या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. लाटा त्यावर, वेगळ्या.

गटारांना मात्र हीच पातळी नडते. शहरातली पर्जन्यजलवाहिन्यांची बहुतेक मुखं भरतीच्या रेषेखाली आहेत. समुद्र मुखाच्या वर चढला की आतलं पाणी अडतं, आणि झडप नसेल तर समुद्रच उलटा आत शिरतो. दादरच्या हिंदमातासारखे बशीच्या आकाराचे भाग तेव्हा भरू लागतात.

किती वेगाने, याचा हिशेब सोपा आहे. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला आणि काँक्रीटमुळे काहीच मुरलं नाही, तर ५ कोटी लिटर. सेकंदाला ६,००० लिटर उपसणारा पंप तासात सव्वादोन कोटी लिटरही काढत नाही. पंपाच्या जाळीत प्लास्टिक अडकलं तर त्याहून कमी. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही पाऊस निम्माच वाहून येईल असं धरून. पुढे ताशी ५० मिलिमीटरचं मानक आलं.

म्हणून ‘२४ तासांत १०० मिलिमीटर’ या आकड्यावरून काहीच कळत नाही. दिवसभर रिपरिप पडला तर तो निघून जातो. तोच भरतीच्या दोन तासांत कोसळला तर तुंबतो. जागाही महत्त्वाची: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७४.

भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. हा ढोबळ अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात असते. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. त्या दिवसांत भरतीच्या वेळेच्या आगेमागे दीड-दोन तास मुसळधार पावसाचा इशारा असेल तर गाडी तळघरातून आधीच बाहेर काढा. विजेचे मीटर तळमजल्यावर असतील तर पाणी चढायच्या आत मुख्य स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावरही सुरू करून पाहू नये. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.