कीबोर्डवरचा मळ: काय कशात विरघळतं

आपल्या तळहाताच्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. तिथे असतात फक्त घामाच्या ग्रंथी. तरीही वर्षभर वापरलेल्या कीबोर्डवर बोटांना जाणवेल असा चिकट, काळपट थर जमलेला असतोच. हे तेल येतं चेहऱ्यावरून आणि केसांतून. काम करता करता आपण कपाळावर हात फिरवतो, नाक चोळतो, केस मागे सारतो आणि तोच हात पुन्हा बटणांवर ठेवतो. त्यात डोक्याला लावलेलं खोबरेल, हाताला चोळलेलं क्रीम आणि फरसाणाचा तेलकटपणा यांची भर पडते. या तेलात त्वचेचे सुटलेले बारीक कण, कपड्यांचे तंतू आणि हवेतली धूळ रुतते आणि थर काळा दिसू लागतो.

घाम मात्र बोटांचा स्वतःचा. त्यातलं पाणी उडून गेलं की मीठ मागे उरतं. शिवाय कधीतरी सांडलेल्या चहा-सरबताची साखर असते. म्हणजे एकाच बटणावर दोन वेगळ्या स्वभावांचा मळ असतो. तेल पाण्यात विरघळत नाही. मीठ आणि साखर शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाहीत. घरी कीबोर्ड साफ करताना मेहनत वाया जाते ती बहुतेक वेळा इथेच. चहा सांडलेल्या बटणात लोक अल्कोहोल ओततात आणि साखर जागची हलत नाही. तेलकट थरावर नुसतं ओलं फडकं फिरवतात आणि तेल एका बटणावरून दुसऱ्यावर जातं.

याचं कारण रेणूंच्या रचनेत आहे. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित ऋण, तर दुसरं किंचित धन असतं. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, किंवा साखरेचे रेणू अशा विद्युतभाराकडे ओढले जातात आणि पाण्यात मिसळतात. तेलाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात, त्यांच्यावर असा भार जवळपास नसतो, त्यामुळे पाणी त्यांना धरू शकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल या दोघांच्या मधलं आहे. त्याचा तीन कार्बनचा भाग तेलाशी जुळवून घेतो, तर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी पाण्याशी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात याला आयपीए म्हणतात आणि छोटी बाटली सहज मिळते. साबणाचा रेणू एका टोकाने तेल पकडतो आणि दुसऱ्याने पाणी, म्हणून बाहेर काढलेल्या बटणांसाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात.

हॅन्ड सॅनिटायझर हा आयपीएचा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून १.४५ टक्के ग्लिसरीन असतं, आणि जेलसारख्या सॅनिटायझरमध्ये घट्टपणासाठी आणखी पदार्थ असतात. अल्कोहोल उडून जातं, हे मागे राहतात आणि नवी धूळ त्यांवरच चिकटते. नेलपेंट रिमूव्हर तर अजिबात नको. त्यात बहुधा ॲसिटोन असतं आणि बहुसंख्य कीबोर्डची बटणं ज्या एबीएस प्लास्टिकची असतात, ते ॲसिटोनमध्ये सरळ विरघळतं. पेट्रोल आणि थिनरही दूरच ठेवावेत. थिनर प्लास्टिक खातो, पेट्रोलने रबर फुगतं.

आत काय असतं हे एकदा पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. साधा, स्वस्त कीबोर्ड उलटा करून मागचे स्क्रू काढा. एखादा स्क्रू हमखास स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण निघालं की आधी रबराची चादर दिसते, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली एक छोटा घुमट. तिच्याखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीचे कण असलेल्या शाईने रेघा छापलेल्या असतात आणि मधल्या थराला नेमकी बटणांच्या जागी भोकं असतात. बटण दाबलं की घुमट खचतो, भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि परिपथ पूर्ण होतो. बोट उचललं की रबर बटणाला परत वर ढकलतं.

शंभराहून जास्त बटणं असली तरी शंभर तारा नसतात. रेघा आडव्या-उभ्या जाळीत मांडलेल्या असतात, आणि कोपऱ्यातल्या छोट्या सर्किटवरची चिप एकेक रेघ तपासत कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली ते ओळखते. यातून दुरुस्तीसाठी फार उपयोगी खूण मिळते. एकच बटण अडखळत असेल तर तिथे मळ आहे किंवा घुमट फाटला आहे. पण चार-सहा बटणं एकदम बंद पडली असतील तर ती बहुधा एकाच रेघेवरची असतात. रेघ कुठेतरी तुटली आहे, किंवा प्लास्टिकच्या थराचं शेपूट जिथे सर्किटवर दाबून बसवलेलं असतं तिथली पट्टी सैल झाली आहे. अशा वेळी बटणं कितीही घासली तरी काही होत नाही. ती पट्टी सोडवून दोन्ही बाजू आयपीएने हलक्या हाताने पुसायच्या आणि स्क्रू परत आवळायचे.

आता चहाबद्दल, कारण आपल्याकडे कीबोर्ड धुळीइतकेच चहानेही खराब होतात. शुद्ध पाण्यातून वीज फार कमी वाहते. चहात विरघळलेले क्षार आणि दुधातले घटक तिला वाट करून देतात. कीबोर्डला मिळणारा विद्युतदाब पाच व्होल्ट किंवा त्याहून कमी, म्हणजे माणसाला निरुपद्रवी. पण चांदीच्या बारीक रेघांसाठी तेवढा पुरेसा असतो. ओलावा आणि विद्युतदाब एकत्र आले की धन बाजूची चांदी आयनांच्या रूपात द्रवात उतरते, ऋण बाजूकडे सरकते आणि तिथे फांद्या फुटाव्यात तशी जमत जाते. या फांद्या शेजारच्या रेघेपर्यंत पोहोचल्या की न दाबलेली बटणं उमटायला लागतात. उलट धन बाजूची रेघ झिजून तुटू शकते. हे व्हायला काही मिनिटंही पुरतात. म्हणून चहा सांडला की फडकं शोधण्याआधी केबल उपसा. वायरलेस असेल तर सेल काढा. मग कीबोर्ड उलटा धरून चहा खाली येऊ द्या.

वीज तोडल्यावर घाई संपली, पण काम संपलं नाही. चहा सुकला की साखरेचा पाक उरतो आणि साखर हवेतलं बाष्प ओढून घेते. मे महिन्यात बरं चालणारं बटण जुलैत, पावसाळी हवेत, खाली गेलं की वर येत नाही ते याचमुळे. त्यासाठी पाणीच हवं, आणि तेही क्षार नसलेलं. बोअरवेलचं पाणी वापरलं तर सुकल्यावर पांढरे डाग उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असतं आणि कामाला उत्तम. फक्त बाटली नीट वाचून घ्या; त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही विकायला असतं. या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने प्लास्टिकचे थर पुसा, मग आयपीएचा हात फिरवा, म्हणजे उरलेलं पाणी त्यात मिसळून लवकर उडून जातं. थर एकमेकांना ठिकठिकाणी चिकटवलेले असतात, ते ओढून वेगळे करू नका. रेघा घासू नका. शाई निघाली तर घरी ती पुन्हा छापता येत नाही.

सुकवायला तांदळाचा डबा नको. ओलावा जातो तो बाष्प होऊन, आणि ते बाष्प दूर नेणारी हवा लागते. पंख्याखाली उघडं ठेवणं त्यासाठी चांगलं. तांदळाची पूड मात्र फटीत शिरते. ॲपलनेही भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रात्रभर ठेवूनही बटणाच्या आतल्या खोबणीत पाणी सापडतं. बटणं झटकून, आडवी करून, पूर्ण कोरडी झाल्याची खात्री होईपर्यंत थांबायला हवं.

सांडलेलं काही नसेल, नुसता रोजचा मळ असेल, तर इतकं उघडायची गरज नाही. केबल काढा, कीबोर्ड उलटा करून थोपटा, रंगाचा मऊ ब्रश फिरवा, कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने फुंकर मारा. चिवड्याचा चुरा निघाला की मुंग्याही येत नाहीत. मुंग्या आल्याच, तर कीबोर्डवर कीटकनाशकाचा फवारा मारू नका. त्यातल्या द्रावकांनी प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. मग कापडावर आयपीए घेऊन बटणं पुसा. द्रव कापडावर घ्यायचा, कीबोर्डवर नाही. देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले असतील तर तिथे हात अगदी हलका ठेवा, गोंद सुटतो. आणि आयपीए साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. जवळ निरांजन, गॅस किंवा डासांची कॉइल नको.

बटणं काढणार असाल तर आधी फोटो काढून ठेवा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली स्टीलची वाकवलेली तार असते, ती दोन्ही टोकांना बटण समान उचलून धरते. बाकी बटणं सरळ वर ओढली तर निघतात, यांना मात्र एका बाजूने हळूच सोडवावं लागतं. ही बटणं काढायचा सराव लॅपटॉपवर करू नका. तिथे बटणाखाली कात्रीसारखी फुली मारलेली नाजूक प्लास्टिकची पट्टी असते, तिचं एक पातही तुटलं की बटण पुन्हा बसत नाही. लॅपटॉपमध्ये चहा गेला तर चार्जर काढून, बंद करून, उलटा धरून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावा, कारण कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट, आहे.

जंतूंबद्दल भीती फार पसरवली जाते. ॲरिझोना विद्यापीठाच्या चार्ल्स गर्बा यांच्या २००२ मधल्या पाहणीत कीबोर्डवर चौरस इंचाला ३,२९५ जिवाणू आढळले आणि शौचालयाच्या बैठकीवर ४९. हे आकडे अजून फिरतात. त्या पाहणीला जंतुनाशकं बनवणाऱ्या कंपनीचा निधी होता, हे मात्र कोणी सांगत नाही. संख्या मोठी म्हणून धोका मोठा असंही नाही. त्यातले बरेचसे आपल्याच त्वचेवरचे रहिवासी असतात. २०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या नोआ फिअरर यांच्या गटाने कीबोर्डवरच्या जिवाणूंचा डीएनए तपासला, तेव्हा तो मालकाच्या बोटांवरच्या जिवाणूंशी इतका जुळला की कीबोर्ड कोणाचा हे ओळखता आलं. घरातल्या एकट्याच्या कीबोर्डची चिंता म्हणूनच कमी. सायबर कॅफे, ऑफिस, दवाखाना इथला कीबोर्ड वेगळा, कारण तिथे हात बदलतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या २००६ मधल्या अभ्यासात रुग्णालयातले २५ कीबोर्ड तपासले होते. जंतुनाशकांनी ९५ टक्क्यांहून जास्त जिवाणू निघाले, आणि नुसत्या निर्जंतुक पाण्याने पुसल्यावरही तेवढेच. पुसण्याची क्रियाच मोठं काम करते. तीनशे वेळा पुसूनही कीबोर्डचं नुकसान झालं नाही.

सगळं साफ झाल्यावरही काही बटणं चकचकीत आणि काही पिवळी दिसतील. तो मळ नव्हे. चकाकी म्हणजे बोटांनी झिजून गुळगुळीत झालेलं प्लास्टिक. कारखान्यातून आलेला खरखरीत पृष्ठभाग तिथे उरलेला नाही. पिवळेपणा येतो तो अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांनी एबीएसमधल्या ब्युटाडीन या रबरासारख्या घटकाचा भाग बदलल्यामुळे. खिडकीजवळ ठेवलेल्या पांढऱ्या कीबोर्डवर तो आधी दिसतो, आणि अल्कोहोलने किंवा साबणाने तो जात नाही. त्यावर जोर लावून घासलं तर छापलेली अक्षरं तेवढी पुसली जातील.