नलार्बरमधला एक दिवस: आमची कॅराव्हॅन घेऊन निघणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून पर्थकडे निघालेली कुटुंबं गाडी ताब्यात घेताना हमखास विचारतात, "नलार्बर एका दिवसात पार होईल ना?" नलार्बर म्हणजे वाटेतलं विस्तीर्ण, सपाट पठार. ते एका दिवसात पार होणार नाही, आणि कृपा करून तसा प्रयत्नही करू नका. सेडूनापासून नॉर्समनपर्यंत एअर हायवे सुमारे 1,200 किलोमीटरचा आहे. रस्ता डांबरी, सरळ आणि मोकळा असल्यामुळे पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो. मागे कॅराव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडलेली असताना दिवसाला 300 किलोमीटर पुरेत, असं आमचं ठाम मत आहे. या वाटेवरचा सर्वांत देखणा टप्पा म्हणजे नलार्बर रोडहाऊस (इंधन आणि मुक्कामाची जागा) ते मुंद्राबिला, साधारण 260 किलोमीटर. तो दिवस कसा काढावा, ते इथे सांगतो.

निघण्याआधी

उजाडताच निघायची घाई नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्याच्या कडेला चरायला येतात. ऊन चांगलं वर येऊ द्या, चहा-नाश्ता निवांत करा.

मग गाडी आणि कॅराव्हॅनची जोडणी तपासा. कपलिंग, म्हणजे कॅराव्हॅनच्या टोकाचा जोड, गाडीमागच्या बॉलवर बसल्यासारखं दिसतं, पण कधी कधी कुलूप अर्धवटच लागलेलं असतं. म्हणून कपलिंग लावल्यावर जॉकी व्हील, म्हणजे पुढचं छोटं चाक, थोडं खाली फिरवून पाहा. गाडीचा मागचा भाग कॅराव्हॅनबरोबर उचलला गेला, तर जोड पक्का आहे. उचलला गेला नाही तर पुन्हा लावा. सुरक्षा साखळ्या कपलिंगखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा. जॉकी व्हील पूर्ण वर घ्या, गॅसची टाकी बंद करा, छताची खिडकी आणि पायरी बघा. हे काम दोघांनी मिळून करा आणि त्या वेळी कुणाशीही गप्पा मारू नका.

जड सामान, म्हणजे पाण्याचे कॅन, तांदूळ, प्रेशर कुकर, खाली आणि चाकांच्या जवळ ठेवा. मागच्या टोकाला वजन वाढलं की कॅराव्हॅन डोलू लागते. डोलू लागलीच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त कॅराव्हॅनचा ब्रेक हळूच लावा. तो कसा लावायचा, हे गाडी देताना आम्ही तुमच्याकडून करून घेतो. कितीही उशीर होत असला तरी तो सराव टाळू नका.

डिझेल इथेच पूर्ण भरा. पुढचा पंप बॉर्डर व्हिलेजला, म्हणजे साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यांच्या सीमेवर, सुमारे 185 किलोमीटरवर आहे. कॅराव्हॅन ओढताना गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त इंधन खाते, आणि पश्चिमेचा वारा समोरून आला तर आणखी. पाण्याची टाकी मात्र सेडूनालाच भरून घ्या. या पठारावर गोडं पाणी दुर्मीळ आहे.

रस्त्यावर

इथे 36 मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर ओढणारे ट्रक, धावतात. मागून एखादी आली की आपला वेग आणि आपली लेन स्थिर ठेवा. ती ओलांडायला बाहेर पडली की वेग किंचित कमी करा. तिच्या हवेचा झोत कॅराव्हॅनला आधी ढकलतो, मग ओढतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर असू द्या. यूएचएफ रेडिओ (गाडीतला वॉकी-टॉकीसारखा संच) चॅनल 40 वर ठेवला तर चालक स्वतःहून सांगतात, "आता येतोय." ही माणसं फार समजूतदार असतात, त्यांना उत्तर जरूर द्या.

रस्त्यावर पांढरे आडवे-उभे पट्टे रंगवलेले दिसले तर ती रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसच्या विमानांची धावपट्टी आहे. 1928 पासून ही सेवा दुर्गम भागातल्या रुग्णांपर्यंत पोहोचते आहे. त्या पट्ट्यात गाडी थांबवू नका.

मोबाइलला बराच काळ रेंज नसते. म्हणून प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये आम्ही आपत्कालीन बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) देतो. तो जिवावरच्या प्रसंगासाठी आहे. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, चालत मदत शोधायला निघू नका.

डाव्या हाताला बुंडा कड्यांकडे जाणारे फाटे लागतात. पाटी असलेल्या ठिकाणीच वळा. सपाट, झाडंही नसलेली जमीन अचानक संपते आणि 60 ते 120 मीटर खाली दक्षिणेचा समुद्र आदळत असतो. कडा चुनखडीचा, खालून पोखरलेला आहे. मुलांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी टोकाकडे एक पाऊलही नको. देवमासे बघायचे असतील तर हेड ऑफ बाइट हे किनाऱ्यावरचं ठिकाण आदल्या दिवशीच करा; ते रोडहाऊसच्या पूर्वेला आहे. जून ते ऑक्टोबर हा त्यांचा काळ.

सीमा आणि घड्याळ

बॉर्डर व्हिलेजला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची कृषी तपासणी होते. ताजी फळं, कच्च्या भाज्या, मध आणि बियाणं इथे काढून घेतात. जपून आणलेला कढीपत्ता आणि कोथिंबीरही त्यात आली. भाजी आदल्या रात्रीच शिजवून संपवा, शंका असेल ते अधिकाऱ्यांना आपणहून दाखवा. ही तपासणी त्रास द्यायला नाही. फळमाशीसारखी कीड इथल्या शेतांत पोहोचू नये म्हणून आहे.

सीमा ओलांडली की इथलं स्थानिक घड्याळ 45 मिनिटं मागे जातं. साउथ ऑस्ट्रेलियात उन्हाळी वेळ चालू असेल तर पावणेदोन तास. सीमेपलीकडची ही स्थानिक वेळ भारताच्या सव्वातीन तास पुढे आहे. फोन मात्र कधी ॲडलेडची, कधी पर्थची वेळ दाखवतो, म्हणून हातातलं घड्याळ लावून घ्या. वेळ मिळाला असं समजून पुढे दामटू नका: जुलैच्या सुरुवातीला इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो.

12 किलोमीटरवर युक्ला. 1877 मध्ये सुरू झालेल्या तारघराच्या भिंती तिथे वाळूच्या टेकड्यांत अर्ध्या बुडाल्या आहेत. तिकडचा कच्चा रस्ता कॅराव्हॅनसाठी नाही. ती रोडहाऊसवर लावून जा. मग घाट उतरून 65 किलोमीटर सपाटीवर मुंद्राबिला.

पोहोचल्यावर आधी चाकांखाली ठोकळे लावा, मगच कपलिंग सोडा. गॅस उघडताना वास येतो का पाहा. टायर हाताला फार गरम लागले तर हवेचा दाब लगेच मोजू नका, सकाळी थंड असताना मोजा. काही बिघाड दिसला तर फोटो काढून ठेवा आणि रेंज मिळताच आम्हाला पाठवा. कुणाशी बोलायचं, काय करायचं, ते आम्ही सांगू.