झायंदेरूद: बाहेरून पाणी आणूनही कोरडी पडलेली नदी

इराणच्या झाग्रोस पर्वतरांगेतलं झर्दकूह ४,२०० मीटरहून उंच आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग इथे अडतात आणि माथ्यावर बर्फ साठतं. पश्चिम उताराचं पाणी कारून नदीला मिळतं, तर पूर्वेला उतरते ती झायंदेरूद. ती समुद्राला मिळत नाही. सुमारे ४०० किलोमीटर वाहून ती गावखूनीच्या खाऱ्या पाणथळीत संपते.

वाटेत इस्फहान लागतं. डोंगराच्या पर्जन्यछायेतल्या या शहरात वर्षाला दीडशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. तरी बागा आणि शेती फुलली, कारण बर्फ वसंतात, ऐन गरजेच्या वेळी वितळतं. नदीतून काढलेले पाट शहरभर फिरवलेले आहेत, त्यांना ‘मादी’ म्हणतात. सतराव्या शतकातला खाजू पूल तर बंधाराही आहे: त्याची दारं लावली की पाणी चढून पाटांत शिरतं.

कारूनचं मुबलक पाणी इकडे वळवायला इराणच्या सफवी घराण्यातल्या बादशहांनी (सोळावं-सतरावं शतक) डोंगर फोडायला घेतला होता, पण ते जमलं नाही. अखेर १९५३ साली कारूनकडचं पाणी झायंदेरूदमध्ये आणणारा कूहरंगचा पहिला बोगदा सुरू झाला, पुढे दुसराही झाला. १९७० च्या सुमारास झायंदेरूदवर धरण बांधलं गेलं.

माझ्या मते नदीचं खरं दुखणं इथून सुरू होतं. पाणी वाढलं तशी मागणी त्याहून वेगानं वाढली. वरच्या अंगाला नवी बागायत आली, पोलाद कारखाने आले, शहर पसरलं. वाळवंटातल्या यझ्दपर्यंत जलवाहिनी गेली (मुंबई-पुण्यातल्या अनेक इराणी हॉटेलवाल्यांची मुळं याच यझ्द भागातली). हे सगळं चांगल्या वर्षांच्या भरवशावर उभं राहिलं. बर्फ कमी पडलेल्या वर्षी मात्र बोगद्यातूनही कमीच पाणी येतं, कारण दोन्ही नद्यांचं बर्फ एकाच डोंगरावरचं.

एकविसाव्या शतकात इस्फहानमधलं पात्र महिनोन्महिने कोरडं राहू लागलं. विहिरींतून उपसा वाढला, पण भूजल भरणारी नदीच वाहत नसल्यानं पातळी खाली गेली आणि जमीन खचू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेतकरी खाजू पुलाजवळच्या सुक्या पात्रात तंबू ठोकून बसले. त्यात पूर्वेकडच्या, नदीच्या शेपटाकडच्या गावांतले शेतकरी होते. पाण्यावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे, पण वरच्यांचं भागल्यावर उरेल तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं.