मोटरसायकल मधूनच स्टार्ट न होणे

मोटरसायकल सकाळी एका बटनात चालू होते, दुपारी कितीही सेल्फ मारा नाहीतर किका मारा दाद देत नाही, आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी पुन्हा पहिल्या किकला फायर होते, असा हा बिघाड. गोव्यात गाडी ढकलत गॅरेजात आणणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'स्टार्ट जायना, मघाशी जाताली', म्हणजे स्टार्ट होत नाही, मघाशी होत होती. या 'मघाशी'तच सगळी गोम आहे.

कायमचा बिघाड शोधणं सोपं, तो आपल्यासमोर बसून राहतो. मधूनच येणारा बिघाड गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत निघून गेलेला असतो, मेकॅनिक बटन दाबतो, गाडी चालू, मग तो अंदाजाने प्लग बदलतो, पुढच्या वेळी बॅटरी, त्याच्या पुढच्या वेळी प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल, पैसे जात राहतात आणि गाडी पुन्हा नेमकी फेरीबोटीच्या धक्क्यावरच बंद पडते. म्हणून या कामात पार्ट बदलण्याआधी दोन गोष्टी लागतात : गाडी केव्हा केव्हा अडते त्याची टिपण (थंड असताना की गरम, पावसात की कोरड्यात, किती किलोमीटर चालल्यावर, बंद करून किती मिनिटांनी), आणि ती अडलेली असते त्या दहा मिनिटांतच केलेली तपासणी. त्यासाठी सीटखाली एक चांगला प्लग, प्लग पाना आणि बारा व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प ठेवला तरी पुष्कळ.

अडलेल्या गाडीचा आवाज आधी ऐकायचा. बटन दाबल्यावर काहीच नाही, अगदी शांत, तर फ्यूज, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच, इग्निशन स्विच नाहीतर स्टार्टर रिले (सेल्फला करंट जोडणारा) यांपैकी कुठेतरी करंट अडतोय. नुसतं टक टक टक झालं तर बॅटरी कमी किंवा टर्मिनल सैल. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा नाद सोडून स्पार्क आणि पेट्रोल बघायचं. एवढा फरक मेकॅनिकला नीट सांगितला तरी त्याचं अर्धं काम झालं.

बॅटरीबद्दल गोव्यात एक वेगळीच अडचण आहे. पिवळ्या मडगार्डवाले पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले बघा, म्हापशाच्या बाजारातून बसस्टँडवर, तिथून परत बाजारात, दिवसभर छोट्या छोट्या फेऱ्या, दर फेरीला सेल्फ. एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत कायम पेटता असतो, त्यामुळे एवढ्या छोट्या फेरीत सेल्फने खाल्लेलं बॅटरीत परत भरतच नाही. ही बॅटरी खराब नसते, उपाशी असते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा, आणि इंजिन रेस केल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली कोसळत असेल तर मग बॅटरी बदलायला हरकत नाही.

पण बॅटरीच्या आधी अर्थिंग. हरमल, मोरजी, कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या गावांत हवेत खार असतो, टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरते आणि बॅटरीची काळी वायर इंजिनच्या बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंजाचा पातळ थर बसतो. वरून बोल्ट घट्ट, आत संपर्क अर्धवट, आणि गाडी हादरली किंवा गरम झाली की तो संपर्क कधी लागतो कधी सुटतो. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजात बॅटरी आणि रिले दोन्ही नवे बसवले तरी ती अडतच होती, शेवटी तो एक बोल्ट काढून खालची जागा सॅंडपेपरने घासली आणि पुन्हा आवळला, त्यानंतर तो त्रास गेला. तपासायची पद्धत सोपी, मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. मीटरपेक्षा बॅटरी महाग असते, ही तपासणी आधी व्हायला हवी.

गरम गाडी अडते तो प्रकार फेरीवर हमखास दिसतो. चोडणला जायचं, रायबंदरच्या धक्क्यापर्यंत गाडी उन्हात जोरात आली, फेरीबोटीची वाट बघत बंद केली, बोट लागली, सगळे स्टार्ट करून पुढे गेले आणि आपली ढिम्म. इंजिन बंद केल्यावर हवा लागत नाही म्हणून आतली उष्णता काही मिनिटं आजूबाजूच्या भागांत चढतच राहते. इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइलच्या (ठिणगी केव्हा टाकायची त्याचा इशारा देणारी) आतल्या बारीक तारेला तडा असेल तर तापल्यावर तो उघडतो, थंड झाल्यावर मिटतो. त्यामुळे घरी येऊन तपासलं तर कॉइल अगदी ठणठणीत दिसते. तिथेच प्लग काढून कॅपमध्ये घालायचा, प्लगचा धातू इंजिनला नीट टेकवून धरायचा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, आणि सेल्फ मारायचा. कडक निळी ठिणगी असेल तर स्पार्क बरा, पिवळट नाहीतर गायब असेल तर चोर सापडला. इंजेक्शनच्या गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी) प्लग हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ कधीच मारू नये, इसीयूला, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला धोका. ठिणगी बरी असूनही गरम गाडी अडत असेल तर टॅपेट फार टाइट झालेत का, म्हणजे वाल्वला ठेवलेली फट संपली का बघायचं, तापल्यावर वाल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. खाणपट्ट्यातली डिचोली-कुडचडेची लाल धूळ त्यात बसली की पेट्रोल जातं तशी टाकीत हवा शिरत नाही, पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी मरते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. अडल्यावर झाकण उघडा, 'फुस्स' आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर भोक साफ करा, बाकी काही नको.

पावसाळ्याचा भाग निराळा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, सत्तरी-सांग्याकडे त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. प्लग कॅपचं रबर चिरलेलं असलं की पाणी आत जातं आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच इंजिनला उडते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर निळ्या ठिणग्या नाचताना डोळ्यांनी दिसतात (हात लावू नये). पावसाळाभर पडवीत उभ्या ठेवलेल्या गाडीत दुसरंच होतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि फार पाणी झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. कार्ब्युरेटर असेल तर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून आलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा, तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीसकट सगळं रिकामं करावं लागेल. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी आलात की दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीत हे आधी बघायचं. वायरिंगही बघा, सीटखाली उंदराने घर केलेलं असतं.

एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हापासून नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्याच. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण येते, ती ऐकायची सवय लावा. अडलेल्या दिवशी ती आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि कनेक्टर. गाडी आडवी पडली असेल तर तिरकेपणा ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो, चावी बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्या ठीक होतात.

साइड स्टँडच्या स्विचात चिखल सुकला की तो कधी लागतो कधी नाही. गाडी अडल्यावर न्यूट्रलला घेऊन स्टँड चार वेळा वरखाली करून बघा, चालू झाली तर स्विच साफ करा. वायर कायमची जोडून टाकू नका, स्टँड खाली राहिलेली गाडी वळणावर आपटते.

दुरुस्ती झाली हे गॅरेजच्या दारात कळत नाही, ज्या वेळी अडायची त्याच वेळी पुन्हा चालवून बघावी लागते, तसंच ऊन, तेवढंच अंतर, धक्क्यावर तेवढीच मिनिटं बंद. तरीही शंका असेल तर काढलेला जुना पार्ट एकदा परत बसवून त्याच फेरीला जायचं. तिथे गाडी पुन्हा अडली तर पार्ट बरोबर पकडला, नाहीतर नवा पार्ट खिशात ठेवून शोध परत टिपणवहीपासून.