सिरिंजच्या टोकावरचं 'लॉक' : काच, कॉलर आणि सहा टक्क्यांचा उतार

'लुअर लॉक', म्हणजे सिरिंजच्या टोकावर सुई पिळून अडकवायचा जोड. हा शब्द ओटीत, आयसीयूत, फार्मा कंपनीच्या परचेस ऑर्डरवर, सगळीकडे एकच वस्तू असल्यासारखा वापरला जातो आणि निम्मा घोळ तिथेच सुरू होतो. प्लास्टिकच्या सिरिंजला लॉक म्हणतात तेव्हा टोक आणि त्याभोवतीचे आटे एकाच साच्यातून एकत्र निघालेले असतात. पण आधीच औषध भरून येणाऱ्या काचेच्या सिरिंजला, म्हणजे प्रीफिल्डला, लॉक म्हणतात तेव्हा आटे एका वेगळ्या प्लास्टिकच्या कॉलरमधे असतात आणि ती कॉलर काचेच्या टोकावर दाबून बसवलेली असते. बॉक्सवर शब्द दोन्हीकडे तोच. माझी बरीच वर्षं या कॉलरच्याच टेस्टिंगमधे गेलीत, त्यामुळे इथे काचेला जास्त जागा मिळणार हे आधीच सांगतो.

सुई सिरिंजला लावायची कशी हा प्रश्न इंजेक्शनइतकाच जुना आहे. १८५३ च्या सुमारास एडिनबरा आणि लिआँ इथे पोकळ सुईचे प्रयोग झाले, पण तेव्हा कारागीर बदलला की सुई बदलायची, कुठे आटे तर कुठे नुसतं दाबून बसवणं. १८९० च्या दशकात पॅरिसमधे शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या एका घराण्याने पूर्ण काचेची सिरिंज बाजारात आणली आणि त्या घराण्याचं आडनाव, लुअर, पुढे तिच्या निमुळत्या टोकाला चिकटलं ते आजपर्यंत. १८९८ मधे एका अमेरिकन कंपनीने तिचे हक्क घेतले. त्या निमुळत्या टोकाचा उतार सहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मिलिमीटर लांबीमागे व्यास सहा मिलिमीटरने वाढतो. प्रत्यक्षात टोक जेमतेम सात-साडेसात मिलिमीटर लांब, म्हणजे पुढच्या आणि मागच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, आणि सगळी पकड त्या एवढ्याशा फरकावर. लेथवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल, टेलस्टॉकमधे टेपर शँकचं ड्रिल जसं बिनाआट्याचं घट्ट बसतं तेच इथे. उतार जास्त केला की दोन भाग एकमेकांना धरत नाहीत, सुटतात.

स्पर्धा होती. १९०६ मधे बर्लिनहून रेकॉर्ड नावाची सिरिंज आली, काचेची नळी आणि धातूचं टोक, तिचा उतार दहा टक्के आणि व्यास लहान. लुअरची सुई रेकॉर्डला बसत नाही आणि रेकॉर्डची लुअरला नाही, त्यामुळे कित्येक वर्षं दोन्ही प्रकारच्या सुया वेगळ्या ठेवाव्या लागायच्या. माणसांच्या दवाखान्यातून रेकॉर्ड गेली, युरोपात जनावरांच्या डॉक्टरांकडे मात्र ती टिकली.

आट्यांची गोष्ट १९२५ ची. त्याच अमेरिकन कंपनीच्या एका भागीदाराने पेटंटचा अर्ज केला आणि १९३० मधे ते मिळालं. कल्पना अगदी साधी: टोकाभोवती एक गोल कडं, आतल्या बाजूला आटे, आणि सुईच्या हबला, म्हणजे तिच्या मागच्या रुंद पोकळ भागाला, दोन कान, ते कान आट्यात अडकवून जरासं फिरवायचं की सुई ओढून निघत नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गळती आटे थांबवत नाहीत. गळती थांबवतो तो निमुळता उतार, टोक आणि हब एकमेकांवर घासून बसतात तिथे. आट्यांचं काम फक्त दोघांना धरून ठेवायचं आणि उतारावर दाब देत राहायचं. म्हणून उतार चुकला असेल तर आटे कितीही पिळा, थेंब येतोच. मी ट्रेनिंगमधे हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी विचारतं, मग लॉक कशाला म्हणायचं. प्रश्न बरोबर आहे. मूळ ट्रेडमार्कच्या इंग्रजी स्पेलिंगमधे एक अक्षर कमी आहे आणि ते नाव एका कंपनीचं आहे, बाकी जगाने ते अक्षर घालून सर्वसाधारण नाव करून टाकलं, मग आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी तोच शब्द उचलला, आणि आता 'लॉक' म्हणजे आटे, आटे असलेलं कडं, वेगळी कॉलर, की पूर्ण जोड, हे संदर्भावरून ओळखावं लागतं.

आपल्याकडे हे बरंच उशिरा महत्त्वाचं झालं. ऐंशीच्या दशकात आमच्या गावच्या दवाखान्यात कंपाउंडर काका स्टीलच्या डब्यात पाणी उकळून त्यातून काचेची सिरिंज चिमट्याने काढायचे, मग सुई काढायची, चिमट्यानेच हब टोकावर टेकवायचा आणि अर्धा पीळ द्यायचा. तो पीळ मला अजून डोळ्यासमोर दिसतो. आटे वगैरे काही नाही, काचेवर घासलेला धातू आणि काकांच्या मनगटातला अंदाज. मग डिस्पोजेबल आल्या, वॉर्डात दोन आणि पाच मिलीला बहुतेक साधं टोकच म्हणजे स्लिप राहिलं आणि लॉक मुख्यतः सिरिंज पंपाच्या पन्नास मिलीला दिसायला लागलं. सरकारी लसीकरणात २००५ नंतर एकदाच वापरता येणाऱ्या एडी सिरिंजा आल्या, त्यांत सुई कायमची बसवलेली, म्हणजे जोडाचा प्रश्नच काढून टाकला.

जोड निसटतो कधी याचं उत्तर दाबात आहे आणि तो दाब अंगठ्यापेक्षा नळीच्या व्यासावर ठरतो. एक मिलीच्या बारीक सिरिंजवर आणि दहा मिलीच्या सिरिंजवर अंगठा तेवढाच दाबला तर बारीकमधे आतला दाब आठ-नऊ पट होतो, कारण दट्ट्याचं क्षेत्रफळ तेवढं कमी. त्यात औषध घट्ट आणि सुई बारीक असली की स्लिपवरची सुई सुटून उडते. घट्ट पेनिसिलिन देताना सिस्टरच्या हातावर, पेशंटच्या कपड्यांवर औषध उडालेलं मी स्वतः पाहिलंय, डोस किती गेला ते मग कोणालाच सांगता येत नाही. चेहऱ्यावर भरायच्या जेल फिलरमधे आणि डोळ्याच्या आत द्यायच्या इंजेक्शनमधे तर सुई निसटणं म्हणजे सरळ इजा. मानकात गळतीच्या टेस्टसाठी साधारण ३०० किलोपास्कलचा दाब आहे, आणि सीटी स्कॅनच्या पॉवर इंजेक्टरमधे त्याच्या कितीतरी पट दाब जातो, त्यामुळे 'मानकाप्रमाणे आहे' एवढ्या वाक्यावर अशा ठिकाणी विसंबता येत नाही.

आता काच. सुई चिकटवलेल्या काचेच्या सिरिंजा, उदाहरणार्थ पोटावर घ्यायच्या हेपॅरिनच्या, त्यांत जोड नसतो, कारखान्यातच सुई गोंदाने पक्की होते. पण बऱ्याच लसी आणि सलाईनच्या लाइनमधून द्यायची औषधं यांना टोक मोकळं हवं. काचेची सिरिंज नळीपासून बनते, नळीचं टोक ज्योतीवर मऊ करून आत बारीक पिन घालून रोलरने आकार देतात. ही पिन बहुतेक वेळा टंगस्टनची असते, आणि तिचे अंश काचेत राहिले तर काही प्रथिनांच्या औषधांच्या गुठळ्या होतात, तो वेगळाच मोठा विषय आहे. मुद्दा असा की मऊ काचेला बाहेरून आटे काढणं या पद्धतीत जमत नाही आणि सहा टक्क्यांचा उतारही प्लास्टिकच्या साच्याइतका नेमका येत नाही. म्हणून टोकाच्या मुळाशी एक खाच ठेवतात आणि प्लास्टिकची कॉलर त्यावर ढकलून खटकन बसवतात. कॉलरच्या आत आटे. झालं लॉक.

फक्त आता जोड एक नाही, दोन आहेत. एक कॉलर आणि काच यांचा, दुसरा कॉलर आणि सुई यांचा. आणि कॉलर काचेवर नुसती अडकलेली आहे, चिकटवलेली नाही. टेस्ट करताना मी डाव्या हातात काच धरतो, उजव्या हाताने सुई पिळतो, तर कधी कधी बोटांना आधी एक हलकी घसर जाणवते, सुई फिरत असते पण तिच्याबरोबर कॉलरही काचेवर गोल फिरत असते, आटे पुढे जातच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला सुई बसल्यासारखी वाटते. उतारावर दाब मात्र आलेलाच नसतो. मग अंगठा दाबला की औषध कॉलरमधून बाहेर झिरपतं, किंवा जास्त जोर लावला तर कॉलर सुईसकट हातात येते.

वाद इथेच आहे. लुअरचं जुनं मानक, आयएसओ ५९४, त्याचा स्लिपचा भाग १९८६ चा आणि लॉकचा भाग नव्वदच्या दशकातला, ते बोलतं उतार आणि आट्यांबद्दल. म्हणजे दुसऱ्या जोडाबद्दल. पहिल्या जोडाचा त्यात विचारच नव्हता कारण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर टोक आणि आटे एकाच तुकड्यात होते. त्यामुळे काचेची प्रीफिल्ड सिरिंज कागदावर लुअर म्हणून चालायची आणि कॉलर किती ओढीला निघते, किती पिळाला फिरते हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने मोजायचा. काचेच्या सिरिंजच्या मानकाची, ११०४०-४ ची, २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा कुठे कॉलर ओढून काढायची आणि पिळून फिरवायची टेस्ट लिहून आली. प्रीफिल्ड सिरिंजा त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून लाखोंनी वापरात होत्या. माझं मत स्पष्ट आहे, हे फार उशिरा झालं, आणि उशीर झाला कारण 'लॉक' हा शब्द ऐकून सगळ्यांनी धरलं की लॉक आहे म्हणजे धरलेलंच आहे. काच बनवणाऱ्यांची बाजूही ऐकावी लागते: कॉलर जास्त घट्ट केली तर बसवतानाच टोकाला चीर जाते, आणि काचेची चीर झिरपण्यापेक्षा वाईट. तरीही मोजायची पद्धत तरी एक असायला हवी होती.

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या दिशेने वर आला. तिथे सुईऐवजी बिनसुईचे कनेक्टर लाइनवर सर्रास आले, त्यांतल्या काहींच्या आत बारीक पिन असते, आणि काचेच्या टोकाचं भोक प्लास्टिकपेक्षा लहान. लॉक केलं की पिन अडकायची, तुटायची, किंवा काचेचं टोकच मोडायचं. अशा सिरिंजमधे हृदयाचे ठोके ताळ्यावर आणायचं अॅडेनोसिनही असतं, जे काही सेकंदांत झटक्यात द्यावं लागतं. २०१३ मधे तिथल्या नियामकांनी काचेच्या सिरिंजबद्दल मसुदा काढला, त्याचा रोख हाच की मानक पाळलं म्हणजे प्रत्येक कनेक्टरशी जुळेल असं धरू नका, प्रत्यक्ष लावून दाखवा. पर्याय म्हणून पारदर्शक पॉलिमरच्या प्रीफिल्ड सिरिंजा आहेत, टोक आणि आटे एकाच साच्यातून, कॉलर नाही, टंगस्टन नाही, पण ऑक्सिजन काचेपेक्षा जास्त आत येतो त्यामुळे सगळ्याच औषधांना त्या चालत नाहीत.

याच काळात लुअरवर दुसरा आक्षेप जोर धरत होता, तो सैलपणाचा नाही तर सगळीकडे बसण्याचा. सलाईन, नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, पाठीतून भूल द्यायची एपिड्युरल, बीपीचा पट्टा, सगळ्यांना तेच टोक, त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्यात. व्हिन्क्रिस्टिन शिरेत द्यायचं औषध, ते पाठीच्या मणक्यात गेलं की जवळजवळ नेहमी मृत्यू. इंग्लंडमधे नॉटिंगहॅमला २००१ मधे असाच एक तरुण पेशंट गेला आणि मणक्यासाठी वेगळं टोक हवं ही मागणी जोरात आली. त्यातून ८०३६९ ही मानकांची मालिका उभी राहिली, २०१६ मधे तिचे बहुतेक महत्त्वाचे भाग एकत्र आले: शिरेला आणि साध्या इंजेक्शनला लुअर, मणक्यासाठी त्याहून साधारण वीस टक्के बारीक टोक, फीडिंगला मोठं आणि उलट्या बाजूचं, म्हणजे आत शिरणारं टोक सिरिंजऐवजी नळीकडे. फीडिंगच्या त्या उलट्या बाजूमुळे नवजात बाळांच्या अगदी छोट्या डोसमधे चूक यायला लागली, मग त्यासाठी आणखी एक छोटं टोक काढावं लागलं. लुअरचं जुनं ५९४ जाऊन ८०३६९-७ आलं, २०२१ मधे त्याची सुधारित आवृत्तीही आली, पण काचेवरच्या कॉलरचा हिशोब अजून वेगळ्याच मानकात राहिला.

आणि तो हिशोब शेवटी सिस्टरच्या बोटांपर्यंत येतो. लसींच्या बॉक्समधली घडी केलेली माहितीपत्रकं मी जमवून ठेवतो. एका मोठ्या उत्पादकाच्या पत्रकात लिहिलंय, टोपी काढताना लुअर लॉकची कॉलर बोटांत धरा आणि टोपी सावकाश उलट फिरवा. दुसऱ्या तितक्याच मोठ्या उत्पादकाच्या पत्रकात लिहिलंय, सिरिंज नळीला धरा, दट्ट्याला किंवा कॉलरला धरू नका, सुई सरळ रेषेत लावा, नाहीतर कॉलर वाकडी होऊन गळेल, आणि कॉलर निघाली तर तो डोस टाकून नवा घ्या. दोन्ही लसी एकाच फ्रिजमधे, एकाच ट्रेमधे शेजारी शेजारी असतात.